अनोकाचा हॅलोविन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर लागला की अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात नव्याने आलेल्या मराठी मंडळींचे फोन सुरू होतात. अनोका गावच्या हॅलोविन उत्सवाला, 31 ऑक्टोबरच्या सुमारास वेश करून निघणाऱ्या तिथल्या मिरवणुकांना, जायचं का, कुठल्या दिवशी जायचं, पोरं गारठतील का, आणि हे भुताखेतांचं नक्की काय आहे? मी मिनिआपोलिसच्या उत्तरेला राहते आणि मुलं लहान असल्यापासून आम्ही तिथे जातो. दरवर्षी तीच उत्तरं देते, म्हणून या वेळी ती एका जागी लिहून काढली. तारखा आणि वेळा दरवर्षी बदलतात. त्या निघण्याआधी त्या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेत पाहून घ्या.

अनोका कुठे आहे?

मिनिआपोलिसच्या वायव्येला, साधारण 30 किलोमीटरवर. मिल लॅक्स तलावातून निघालेली रम नदी इथे मिसिसिपीला मिळते आणि गाव रमच्या दोन्ही काठांवर वसलेलं आहे. 'अनोका' या डकोटा (इथले मूळ रहिवासी) भाषेतल्या शब्दाचा अर्थही 'दोन्ही काठांवर' असाच सांगतात. वस्ती 18 हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं तालुक्याचं गाव. एक मुख्य रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या विटांची दुकानं आणि मध्ये नदीवरचा पूल. हॅलोविनचं जे काही होतं ते बहुतेक याच रस्त्यावर.

हे सगळं सुरू कसं झालं?

मला सर्वांत आवडतो तो हा प्रश्न, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या गावांत हॅलोविनची रात्र म्हणजे उनाडक्यांची रात्र होती. खाऊच्या गोळ्या मागत दारोदार फिरायची पद्धत अजून रुळलेली नव्हती. पोरं रात्री बाहेर पडायची आणि हाताला लागेल त्याचा खेळखंडोबा करायची. अनोकात सकाळी लोक उठले की गोठ्यातल्या गाई मुख्य रस्त्यावर हिंडत असायच्या, दुकानांच्या काचांवर साबण फासलेला असायचा आणि परसातले लाकडी संडास उलथून पडलेले असायचे.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. शिमग्याच्या आधी होळीसाठी लाकडं पळवणारी पोरं कोणत्या गावात नव्हती? कुणाच्या अंगणातल्या गोवऱ्या जायच्या, कुणाची मोडकी बाज, कुणाच्या कुंपणाचं फाटक. ज्याचं गेलं तो बोंबा मारायचा आणि त्याच्या नावाने पोरं दुप्पट बोंबा मारायची. वर्षातून एक रात्र पोरांची, हे आपल्या गावांनीही मान्य केलेलंच होतं.

अनोकाच्या मोठ्यांनी 1920 साली यावर उपाय काढला. जॉर्ज ग्रीन यांच्या पुढाकाराने एक समिती झाली. त्यात व्यापारी, शिक्षक, पालक सगळे आले आणि कित्येक आठवडे आधीपासून तयारी लागली. पोलिसांचा पहारा वाढवून पोरांना घरात कोंडता आलं असतं. त्यांनी उलट केलं, रस्ताच पोरांच्या हवाली केला. हजाराहून जास्त शाळकरी मुलं मिरवणुकीत चालली. त्यांच्याबरोबर पोलीस चालले, अग्निशामक दल चाललं, वाजंत्री चालली. मिरवणूक संपल्यावर प्रत्येक मुलाला मक्याच्या लाह्या, शेंगदाणे आणि गोळ्या मिळाल्या आणि पुलाजवळच्या चौकात मोठी शेकोटी पेटली.

ज्या पोराने गेल्या वर्षी गाई सोडल्या, तोच यंदा मिरवणुकीत पुढे चालतोय आणि त्याच्या शेजारून गावचा पोलीस चालतोय, हे चित्र मी मनात अनेकदा रंगवलं आहे. गाव आपल्या वांड पोरांना 'तुम्ही आमचेच' असं सांगतंय, त्या सणाला मी जाते. भुतं त्यातला वेश आहेत.

मग हा अमेरिकेतला पहिलाच असा उत्सव का?

अनोकाचे लोक तसं मानतात. पण कॅन्ससमधल्या हायावाथा या गावाचाही दावा आहे आणि तो तारखेने जुना आहे. तिथल्या एलिझाबेथ क्रेब्स या बाईंची बाग दर हॅलोविनला पोरं तुडवायची. त्यांनी कंबर कसली आणि 1914 मध्ये गावासाठी वेशभूषेचा नि मिरवणुकीचा कार्यक्रम घडवून आणला. तोही आजतागायत चालू आहे. कॅन्ससमध्येच इंडिपेंडन्स नावाचं गाव आहे. तिथल्या उत्सवाचं नाव 'नीवोला', म्हणजे हॅलोविन हा शब्द उलटा लिहून होतो तो.

माझ्या मते पहिलं कोण या वादात फारसं काही नाही. ओळख नसलेल्या गावांना एकाच सुमारास तोच उपाय सुचला, मला ते अधिक मोलाचं वाटतं.

'जगाची हॅलोविन राजधानी' हे बिरुद कोणी दिलं?

गावानेच घेतलं. 1937 मध्ये हॅरल्ड ब्लेअर हा अनोकाचा बारा वर्षांचा मुलगा, घरोघरी पेपर टाकणाऱ्या निवडक मुलांबरोबर वॉशिंग्टनला गेला. अनोकाला जगाची हॅलोविन राजधानी म्हणणारा जाहीरनामा त्याने बरोबर नेला होता. बिरुद मिरवण्याचं काम एका पेपरवाल्या पोराकडे गेलं, हे मला फार शोभून दिसतं.

1942 आणि 1943 मध्ये महायुद्धामुळे उत्सव झाला नाही.

हा धार्मिक सण आहे का? सासूबाई म्हणतात, भुतांचं काही घरात नको.

मूळ दोन पदरी आहे. आयर्लंड-स्कॉटलंडच्या केल्टिक लोकांचा 'साविन' हा सण हंगाम संपून हिवाळा सुरू होताना येई. त्या रात्री या जगातला आणि त्या जगातला पडदा विरळ होतो असं ते मानत. ख्रिस्ती पंचांगात 1 नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस, त्याची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोविन, आणि 2 नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस. वसईत किंवा गोव्यात 2 नोव्हेंबरला दफनभूमीत फुलं वाहून मेणबत्त्या लावलेल्या पाहिल्या असतील, तर त्याच साखळीतला दिवस तुम्हाला आधीपासून माहीत आहे.

सासूबाईंना सर्वपित्रीची आठवण करून द्या. गेलेली माणसं वर्षातून एकदा घराच्या जवळ येतात ही कल्पना आपल्याला परकी नाही. आपण त्यांच्यासाठी कावळ्याला पान ठेवतो. तिकडे लोक शलगम पोखरून आत दिवा ठेवायचे. आयरिश माणसं अमेरिकेत आली तेव्हा इथे भोपळा मिळाला, शलगमापेक्षा मोठा आणि कोरायला सोपा, आणि तोच कायमचा झाला.

अनोकाच्या रस्त्यावर आज पूजाअर्चा काही नसते. ज्यांना तरीही मनाला पटत नाही त्यांनी जाऊ नये. आग्रह कशाला?

मिरवणुका तीन आहेत म्हणे. एकच दिवस जमणार असेल तर कुठली पाहावी?

हो, मुख्य तीन. हॅलोविनच्या काही दिवस आधी संध्याकाळी दिव्यांची मिरवणूक निघते, चित्ररथांवर रोषणाई असते. मग एका शुक्रवारी दुपारी प्राथमिक शाळांतल्या मुलांची, तिचं नाव 'छोट्यांची मोठी परेड' अशा अर्थाचं आहे. दुसऱ्या दिवशी शनिवारी सर्वांत मोठी, तिला 'ग्रँड डे' म्हणतात. शनिवारी सकाळी 5 किलोमीटरची 'ग्रे घोस्ट' दौडही असते. अनोकाचे बिल अँडबर्ग हे उतारवयात नाव कमावलेले धावपटू, 'ग्रे घोस्ट' हे त्यांचं टोपणनाव.

बहुतेक जण शनिवारी जातात, कारण सुट्टी असते. शाळांची वाद्यपथकं, चित्ररथ, जुन्या गाड्या, गावातल्या मंडळांचे लोक, सगळं काही दिसतं. पण मला विचाराल तर शुक्रवारची अर्धी रजा टाका. वर्गामागून वर्ग चालत येतात. कुणी मधमाशी, कुणी आगगाडीचं इंजिन, कुणी पुठ्ठ्याचं कपाट होऊन आलेलं. बाईंनीही वेश केलेला असतो. एखादं पोर मध्येच थांबून गर्दीत आपली आजी शोधतं आणि मागची सगळी रांग थांबते. कुणीही त्याला ढकलत नाही.

पहिल्या वर्षी आम्ही खुर्च्या न घेता गेलो होतो. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी माझ्या लेकीला आपल्या घोंगडीत घेतलं आणि सांगितलं की त्या स्वतः पहिलीत असताना याच रस्त्यावरून चालल्या होत्या, मग त्यांची मुलं, आणि आज नातू येणार आहे. नातू आला तेव्हा त्या उभ्या राहिल्या. तो रोबो झाला होता, त्याला मान वळवता येईना, म्हणून तो संपूर्ण अंगानेच वळला. आम्ही त्याच्या नावाने ओरडलो, तो आमचाच असल्यासारखे.

तिकीट किती?

रस्त्यावर उभं राहून मिरवणूक पाहायला काही लागत नाही. उत्सव मुख्यतः स्वयंसेवकांवर चालतो, आणि दरवर्षी नव्या चित्राचा एक बिल्ला विकतात, तो जरूर घ्या. जुने बिल्ले जपून ठेवणारी घरं गावात आहेत.

थंडी किती असते?

ऑक्टोबरअखेर दिवसा 10 अंशांच्या आसपास आणि सूर्य गेला की शून्याकडे. ऊन असलं तरी नदीवरचा वारा अंगात शिरतो. वेश एक माप मोठा घ्या आणि आतून थर्मल व स्वेटर घाला. मिनेसोटातल्या प्रत्येक आईला हे शहाणपण दुसऱ्या वर्षी येतं, तुम्हाला पहिल्याच वर्षी येऊ द्या. परीचे पंख जॅकेटच्या वरून बांधता येतात.

इथले जुने लोक 1991 ची गोष्ट सांगितल्याशिवाय राहणार नाहीत. त्या वर्षी 31 ऑक्टोबरला दुपारी बर्फ सुरू झाला तो 3 नोव्हेंबरपर्यंत, आणि मिनिआपोलिस-सेंट पॉल भागात 28.4 इंच, म्हणजे सुमारे 72 सेंटिमीटर पडला. तेव्हा लहान असलेला प्रत्येक जण सांगतो की तरीही आम्ही गोळ्या मागायला बाहेर पडलो होतो.

मुलांना कोणता वेश द्यावा?

मुलाला जे व्हायचं असेल ते. भूतच व्हायला पाहिजे असं नाही. आमच्या ओळखीतला एक मुलगा मावळा होऊन गेला होता. फक्त शाळेच्या मिरवणुकीत तलवार नेता येणार नाही. बहुतेक शाळांत शस्त्रं, खोटीसुद्धा, चालत नाहीत आणि चेहरा पूर्ण झाकणारे मुखवटेही चालत नाहीत. ढाल आणि मंदील पुरे आहे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. पिसांचा टोप घालून 'रेड इंडियन' हा वेश नको. ही डकोटा आणि ओजिब्वे लोकांची भूमी आहे. त्या समाजाची मुलं त्याच शाळांत, त्याच वर्गांत आहेत. कोणाचं माणूसपण हा वेश होऊ शकत नाही.

गोळ्या मागायची रीत काय? आमच्या मुलांना दारोदार मागणं कसंसंच वाटतं.

मुलांना नाही, आपल्याला वाटतं. संक्रांतीला तीळगूळ घ्यायला आणि दसऱ्याला सोनं द्यायला आपण घरोघर फिरलोच होतो की. भोंडल्यात तर डब्यातली खिरापत ओळखून मग खायची.

रीत सोपी आहे. ज्या घराचा बाहेरचा दिवा चालू त्याच घरी जायचं. दिवा बंद असेल तर पुढे चला, घंटी वाजवू नका. दार उघडलं की 'ट्रिक ऑर ट्रीट' (खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू) म्हणायचं, एकच गोळी घ्यायची, थँक यू म्हणायचं. हा शब्दप्रयोग 1920 च्या दशकात कॅनडातल्या वर्तमानपत्रांत दिसतो. महायुद्धात साखरेचं रेशनिंग आल्यामुळे प्रथा थोडी थांबली आणि युद्धानंतर सगळ्या अमेरिकेत पसरली. म्हणजे सगळ्या अमेरिकेत पसरलेल्या या रिवाजापेक्षा अनोकाची मिरवणूक थोरलीच आहे.

तुम्ही घरी असाल तर तुमचाही दिवा लावा. नव्या वस्तीत शेजाऱ्यांची ओळख व्हायला यासारखी संध्याकाळ नाही.

अनोळखी लोकांनी दिलेल्या गोळ्यांत विष किंवा टाचण्या असतात, हे खरं का?

ही भीती इथे पन्नास वर्षं घर करून आहे, म्हणून नीट सांगते. डेलावेअर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी अशा घटनांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. अनोळखी माणसाने हॅलोविनच्या गोळीतून विष देऊन मूल दगावल्याची एकही खात्रीची घटना त्यांना सापडली नाही. 1974 मध्ये टेक्सासात एक मुलगा विषारी गोळीने गेला, पण ते विष त्याच्या स्वतःच्या बापाने विम्याच्या पैशांसाठी घातलं होतं. 1982 मध्ये शिकागोत औषधाच्या कॅप्सूलमध्ये विष मिसळून माणसं मारली गेली, त्यानंतर ही भीती आणखी वाढली.

घरी आल्यावर गोळ्या एकदा नजरेखालून घाला, फाटलेलं वेष्टन टाकून द्या, आणि तेवढ्यावर थांबा.

खरा धोका मोटारींचा आहे. अमेरिकेतल्या 1975 ते 2016 या काळातल्या अपघातांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हॅलोविनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका आसपासच्या इतर संध्याकाळींपेक्षा 43 टक्के जास्त आढळला, आणि लहान मुलांमध्ये तर त्याहून खूपच जास्त. काळा झगा, मुखवट्यामुळे न दिसणारी बाजू, गोळीच्या ओढीने रस्त्यात मारलेली धाव, यात सगळं आलं. झग्याला पाठीमागून चमकणारी पट्टी चिकटवा, हातात टॉर्च द्या, आणि तुम्ही गाडी चालवत असाल तर गल्लीत माणसाच्या चालीने चालवा. रस्ता गाड्यांसाठी बंद करून मिरवणूक काढणं किती शहाणपणाचं आहे ते इथे कळतं.

आम्ही शाकाहारी आहोत. मुलीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जीही आहे.

चघळायच्या मऊ गोळ्या आणि मार्शमेलो यांत बहुधा जिलेटिन असतं, आणि कँडी कॉर्न नावाच्या पांढऱ्या-केशरी-पिवळ्या दाण्यांतही. वेष्टनावर वाचा. साध्या चॉकलेटांत सहसा अडचण येत नाही.

अ‍ॅलर्जी असेल तर निळसर हिरव्या रंगाचा भोपळा शोधा. ज्या घरासमोर तो दिसेल तिथे खाऊऐवजी पेन्सिल, स्टिकर, चेंडू असं काहीतरी मिळतं. 2014 पासून ही खूण देशभर पसरली आहे. आणि जमल्यास तुमच्या दारातही असा एक भोपळा ठेवा. रात्रभर हिंडून टोपलीतलं निम्मं दुसऱ्याला देऊन टाकावं लागणारं मूल ज्या घरात आहे, त्या घराला याची किंमत कळते.

दिवाळी आणि हॅलोविन एकत्र आले तर?

येतात, आणि आले की मजा असते. 2024 मध्ये 31 ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी होती. सकाळी उटणं, अभ्यंगस्नान, अंगठ्याखाली कारीट, आणि संध्याकाळी दारात कोरलेला भोपळा. कारीट आणि भोपळा एकाच कुळातले, हे लेकीने शाळेत सांगितलं आणि बाईंनी तिला नरकासुराची गोष्ट सगळ्या वर्गाला सांगायला लावली.

आकाशकंदील खुशाल भोपळ्याच्या वर टांगा. फटाक्यांचं मात्र लक्षात ठेवा. मिनेसोटात फुलबाज्या चालतात, उडणारे किंवा फुटणारे फटाके कायद्याने चालत नाहीत. आणि वेशातल्या मुलांजवळ फुलबाजीही नको, त्या कापडाला आग पटकन लागते.

आमच्या गल्लीत असंच काही करायचं आहे. कुठून सुरुवात करावी?

नगरपालिकेपासून. रस्ता बंद करायची परवानगी लागते, तिचा अर्ज आधी करावा लागतो, आणि ज्यांच्या घरांपुढचा रस्ता बंद होणार त्यांची संमती बहुतेक ठिकाणी मागतात. मोठा कार्यक्रम असेल तर विमाही मागतील. टेबलं आणि सजावट मांडताना अग्निशामक गाडी जाईल अशी 20 फुटांची वाट मोकळी सोडा. कोरलेल्या भोपळ्यांत मेणबत्तीऐवजी बॅटरीचे दिवे ठेवा.

पण यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे गल्लीतल्या तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना काम द्या. या वयात गोळ्या मागायची लाज वाटते आणि घरी बसवतही नाही. त्यांना भुताचं घर उभारू द्या, रस्त्याच्या तोंडाशी अडथळे धरून उभं राहू द्या, लहानांच्या रांगा सांभाळू द्या. 1920 मध्ये अनोकाने नेमकी हीच पोरं हेरली होती. फक्त चिमुकल्यांसाठी केलेला उत्सव दोन वर्षांत आटतो, हे मी आमच्या वस्तीत पाहिलं आहे.

त्यापेक्षा सेलमला जावं का?

मॅसॅच्युसेट्समधलं सेलम वेगळं आहे. 1692 मध्ये चेटकिणी ठरवून तिथे निरपराध माणसांना फाशी दिली गेली. तो इतिहास समजून घ्यायला जरूर जा, पण ऑक्टोबरात तिथे पर्यटकांची प्रचंड गर्दी लोटते. अनोकात गर्दी असते ती बरीचशी गावचीच.

तो अवाढव्य भोपळा अनोकाचाच का?

हो. अनोकाच्या तंत्रमहाविद्यालयात बागकाम शिकवणारे ट्रॅव्हिस गिंगर यांनी 2023 च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बे इथल्या स्पर्धेत 2,749 पौंडांचा, म्हणजे जवळपास 1,247 किलोंचा भोपळा नेला. तेव्हा तो जागतिक विक्रम होता. मिनेसोटाचा उन्हाळा इतका आखूड असताना हे पीक काढणं सोपं नाही.

हॅलोविन झाल्यावर भोपळ्याचं काय करायचं? घारगे होतील का?

कोरायचा मोठा भोपळा पाणचट आणि दोऱ्यादोऱ्यांचा असतो, त्याचे घारगे बिघडतात. त्याच्या बिया धुऊन, मीठ लावून भाजा आणि बाकीचा खतात टाका. खारी त्याआधीच त्यावर हात मारतील. घारग्यांसाठी 'पाय पंपकिन' नावाचा लहान, घट्ट भोपळा वेगळा घ्या. तो किसून वाफवा, गूळ गरम असतानाच मिसळा, आणि मग मावेल तेवढीच कणीक घाला. परेडला निघताना डब्यात घालून न्या. थंडीत गारठलेल्या हातांना ते बरे वाटतात, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या आजीलाही एक द्या.